चक्रवात-धूलिसंग्राहक यंत्राची उभारणी आणि तदनुषंगिक अपकृत्ये

रविवार, ९ नोव्हेंबर

स्वस्ति श्री. सकलकाष्ठविद्यापारंगत, रंधाधुरंधर, करवतकेसरी, पटाशीपंचानन, कोथरूडप्रांतस्थ तळमजलाधिपती, 'सुखनिधी' सहकारी गृहरचना संस्थेचे आजीव सभासद, वाहनविमा-दावा-छाननी विभागाचे उपव्यवस्थापक (पदोन्नती प्रलंबित), भार्यैकभीरू श्रीमान आमोद गद्रे यांच्या दैनंदिनीस आजच्या सुमुहूर्तावर प्रारंभ होत आहे. तोफांची सलामी शेजारच्या कुत्र्याने दिली.

प्रारंभाचे निमित्त वरण. मागची बाल्कनी बंदिस्त करून तिची काष्ठशाळा केली, त्यास आता बराच काळ लोटला. या अवधीत एक देव्हारा, एक पाट, एक डुगडुगणारे स्टूल आणि अपरिमित भुसा एवढे उत्पादन झाले. आज दुपारी धर्मपत्नी श्यामला हिने वरणाचे पातेले माझ्यापुढे ठेवले. वर सागवानाचा सुवर्णवर्णी थर तरंगत होता.

"अहो, यात तूप घालू की पॉलिश?"

या प्रश्नास शास्त्रात उत्तर नाही. मी मुकाट्याने वरण भक्षण केले आणि संकल्प सोडला.

घरातला व्हॅक्यूम क्लीनर भुशाच्या चार घासांतच गुदमरतो. पिशवी भरते, चाळणी बुजते आणि यंत्र विव्हळू लागते. यावर उपाय चक्रवात. उलट्या टांगलेल्या शंकूत भुसामिश्रित हवा कडेने तिरकी सोडावी. ती आत गरगर फिरते, जड भुसा भिंतीला घासत खालच्या बादलीत उतरतो आणि निर्मळ हवा मधल्या नळीतून वर क्लीनरकडे जाते. निसर्गाने हे तत्त्व वादळांसाठी योजले. मी बाल्कनीसाठी योजत आहे. असे यंत्र विकत मिळते, परंतु विकत घेणे आमच्या कुळास शोभत नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

बोहरी आळीची यात्रा सुफळ संपूर्ण. नळ्या, कोपरे, जोडलेप आणि डिस्टेंपरची रिकामी बादली प्राप्त. शंकू मात्र स्वहस्ते पत्र्याचा घडवला. क्लीनर सुरू करताच तो आतल्या ओढीने चेपला आणि वाळक्या मिरचीचा आकार धारण करता झाला. सरळ करू जाता अंगठा कापला.

श्यामला म्हणाली, "धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन या. तेही घरीच बनवणार असाल तर आधी सांगा."

मंगळवार, १८ नोव्हेंबर

प्रातःभ्रमण. आमच्या गल्लीच्या वळणावर महापालिकेने, अथवा केबलवाल्यांनी, अथवा उभयतांनी संगनमताने खणलेला एक खड्डा आहे. माती लोटून तो बुजवल्याचा आव आणलेला आहे. प्रत्यक्षात माती खचली आहे, आणि वर वाळकी पाने साचल्यामुळे तो सपाट भासतो. त्याच्या काठावर गणपतीपासून एक नारिंगी शंकू उभा आहे. वाहतूकवाले ठेवतात तो. मळलेला, कलंडलेला, अंगावर कुठल्याशा गणिताच्या क्लासचे अर्धे फाटलेले स्टिकर. त्या अनाथाकडे पाहून माझे हृदय द्रवले. त्याचा घेर पाहून अधिक द्रवले. घन प्लास्टिक, चेपण्याचे भय नाही, निमुळतेपणा यथाशास्त्र.

आजूबाजूस कोणी नाही असे पाहून त्यास तांदळाच्या रिकाम्या पोत्यात घालून घरी आणले. प्रातःभ्रमणास पोते बरोबर कसे होते, हे दैनंदिनीने विचारू नये. यास चोरी म्हणणे हे भाषेचे दारिद्र्य होय. हे दत्तकविधान आहे.

रविवार, २३ नोव्हेंबर

विजयोत्सव. शंकूची चौकोनी बैठक करवतीने विलग केली, टोक छाटले, रुंद तोंडावर प्लायवूडचे झाकण ठोकले. दत्तकाचे पूर्वाश्रमीचे गोत्र दिसू नये म्हणून त्यास गडद हिरवा तेलरंग दिला. क्लीनर सुरू केला. भुसा आत शिरला आणि दूरच्या पावसासारखा सरसर आवाज करीत बादलीत उतरू लागला. पाहता पाहता बादलीत ओंजळभर भुसा, आणि क्लीनरची पिशवी कोरी. माझे डोळे पाणावले. तेलरंगाचा वासही होता.

श्यामला दारात उभी राहून बराच वेळ यंत्राकडे पाहत होती. मग म्हणाली, "छान आहे. नारिंगी असतं तर जास्त शोभलं असतं."

रंगसंगतीच्या बाबतीत ती नेहमीच थोडी कच्ची.

सायंकाळी शालनताई यंत्रदर्शनार्थ आल्या. शालनताई वाघचौरे समोरच्या इमारतीत मुलगा अभय व सून यांच्यासह राहतात. सत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त होऊनही त्यांची खडकी सुटलेली नाही. दर रविवारी स्वतःची स्कूटर काढून तिथल्या विहारात जातात, क्वार्टर्समधल्या जुन्या मैत्रिणींकडे बसतात आणि परतताना इतक्या बातम्या आणतात की वृत्तपत्राची गरज उरत नाही.

"गद्रेसाहेब, हे रॉकेट सोडणार कधी?"

"ताई, हे धूलिसंग्राहक यंत्र आहे."

"असेल. आमच्या कारखान्यात असलं काही टांगलेलं दिसलं असतं, तर आम्ही आधी लांब पळालो असतो आणि मग नाव विचारलं असतं."

हसत हसत गेल्या. आमच्या गल्लीत माझ्या विनोदास टक्कर देणारी ती एकच व्यक्ती आहे.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

काल सायंकाळी शालनताई गल्लीच्या वळणावर स्कूटरसह पडल्या. पुढचे चाक खड्ड्यात गेले. उजवे मनगट मोडले.

कोणत्या खड्ड्यात, हे लिहिण्याचे प्रयोजन नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

श्यामलेने मुगाची खिचडी डब्यात भरून माझ्या हाती दिली. "तुम्हीच नेऊन द्या. मला आज वेळ नाही." असे म्हणून ती शब्दकोडे सोडवावयास बसली.

शालनताई पलंगावर टेकून बसल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. चेहरा उतरलेला, तो वेदनेने असावा असे मी मानले. तसे नव्हते.

"अहो, तिथं तो नारिंगी कोन असतो," त्या मला सांगू लागल्या. "गणपतीपासून आहे. कोन दिसला की मी उजवीकडून घ्यायची. या रविवारी मी गाडी काढली नव्हती. त्या दिवशी काढली, तर कोन आलाच नाही. मला वाटलं, वळण अजून पुढं आहे."

अभय आयटीत आहे. सज्जन मुलगा. हताशपणे म्हणाला, "आई, तिथे कोनबिन काही नाहीये. मी बघून आलो. फोटो दाखवू?"

"आता नसेल. होता."

"मीही रोज त्याच रस्त्याने जातो ना. मला कसा नाही दिसला?"

"तू कानात ते घालून जातोस. तुला खड्डा तरी दिसला होता का?"

अभय माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही रोज सकाळी तिकडूनच फिरायला जाता. होता का हो तिथे कोन?"

मी म्हणालो, "माझं तसं लक्ष नसतं."

हे वाक्य मी अत्यंत सहजतेने उच्चारले. सराव नसताना इतके सफाईदार खोटे बोलता येते, हे ज्ञान मला या वयात झाले.

रविवार, ३० नोव्हेंबर

प्रायश्चित्ताचा व्यवहार्य मार्ग सापडला. काल पुन्हा बोहरी आळी. नवा कोरा नारिंगी शंकू विकत घेतला (विकत घेण्याविषयी मी पूर्वी व्यक्त केलेले मत स्थगित समजावे) आणि आज भल्या सकाळी खड्ड्याच्या काठावर प्रतिष्ठापित केला. आता कोणी पडणार नाही, शालनताईंचा शब्द खरा ठरेल आणि माझे नाव कोठेही येणार नाही. त्रिविध फलप्राप्ती.

सोमवार, १ डिसेंबर

फलप्राप्ती झाली नाही.

डबा घेऊन गेलो होतो. (श्यामलेला नेमका त्याच वेळी वेळ नसतो.) अभय आईला सांगत होता, "बघ, तू पडलीस म्हणून आता कोन ठेवलाय. एकदम नवा आहे, टॅगही निघाला नाहीये. म्हणजे आधी नव्हता, हे सिद्धच झालं ना?"

शालनताई म्हणाल्या, "जुना होता. मळका. त्याच्यावर क्लासची चिट्टी होती."

"आई, प्लीज."

"अर्धी फाटलेली."

अभयने माझ्याकडे असे पाहिले, जसे दोन समजूतदार पुरुष एकमेकांकडे पाहतात. मी ती दृष्टी त्यास परत केली. घरी येताना पायऱ्या उतरत असता माझ्या ध्यानी आले की मी निर्दोष बाईच्या विरुद्ध पुरावा उभा केला आहे, आणि तोही स्वखर्चाने.

बुधवार, ३ डिसेंबर

कार्यालयात एका दावेदाराचे निवेदन समोर आले. 'सदर ठिकाणी धोक्याची कोणतीही खूण नव्हती.' अशा निवेदनांवर 'समर्थनीय नाही' हा शेरा मारण्यात माझी हयात गेली आहे. आज लेखणी उचलेना. दावा मंजुरीस पाठवला. शेजारच्या टेबलावरचा सलिल म्हणाला, "काय गद्रे, ताप आहे का?"

शनिवार, ६ डिसेंबर

आज महापरिनिर्वाणदिन. शालनताई दरवर्षी पांढरी साडी नेसून उजाडताच स्कूटरने खडकीच्या विहारात जातात आणि सूर्यास्तापर्यंत तिथेच असतात. वंदना, मग सगळ्यांबरोबर जेवण, मग कुणाच्या तरी घरी सुखदुःखाच्या गोष्टी. आज अभयने त्यांना कॅबने नेले आणि दुपारच्या मीटिंगपूर्वी परत आणले.

मी डबा घेऊन गेलो, तेव्हा त्या पांढऱ्या साडीतच खुर्चीवर बसल्या होत्या.

"झालं का दर्शन?"

"झालं. पार्सल गेलं, पार्सल आलं."

त्या हसल्या नाहीत. मीही काही विनोद केला नाही. सुचला नाही असे नव्हे.

रविवार, ७ डिसेंबर

आज जे घडले ते मी सुशोभित भाषेत लिहू पाहत होतो. दोनदा लिहून खोडले.

अभय घरी आला. "काका, आईचं ऐकून घेणाऱ्यांपैकी तुम्ही एक आहात. तिचा तो कोनाचा हट्ट काही जात नाही. मागे एकदा गॅसही चालू राहिला होता. मी मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतलीये. आणि स्कूटर विकतोय, पुढच्या रविवारी एक जण बघायला येतोय. पण किल्ली ती देत नाही. उशाखाली ठेवते. तुम्ही अपघातांच्या केसेस बघता, तुम्ही समजावलंत तर ऐकेल."

श्यामला आत भाजी चिरत होती. विळीचा आवाज थांबला.

मी तेव्हाच सांगावयास हवे होते. मी म्हणालो, "बघतो."

आणि गेलो. त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि कार्यालयीन स्वरात म्हणालो, "ताई, माझ्याकडे असे पुष्कळ दावे येतात. माणूस पडला की मनाला कारण हवं असतं. मग डोळ्यांनी न पाहिलेलं पाहिल्यासारखं वाटतं. तो भास असतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही."

त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटले, आता काहीतरी तिखट बोलतील. मी त्याची वाट पाहत होतो, हे आता कळते आहे.

"तुम्हीही असं म्हणता? मग असेल बाई," त्या म्हणाल्या. डाव्या हाताने उशाखालची किल्ली काढली आणि अभयच्या हातात दिली. मग जराशाने, मला नव्हे, कुणालाच नव्हे, "गॅसचंही खरं असेल मग."

अभयने दारापर्यंत येऊन माझे आभार मानले.

मंगळवार, ९ डिसेंबर

यंत्र वापरलेले नाही. काष्ठशाळेचे दार लावून ठेवले आहे. श्यामला म्हणाली, "दुरुस्त करायचं राहिलंय का काही?" मी म्हणालो, यंत्र उत्तम स्थितीत आहे. ती म्हणाली, "यंत्राचं नाही विचारलं." मग शेगडीकडे वळली. कशाविषयी विचारले, ते तिने सांगितले नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर

शालनताई आता प्रत्येक गोष्ट दुसऱ्यास विचारून खात्री करून घेतात. आज मला विचारले, "गद्रेसाहेब, काल आमटी होती ना डब्यात? की मी आपलं उगाच म्हणतेय?"

आमटीच होती. कोणत्या डाळीची, तेही मी सांगितले.

शनिवार, १३ डिसेंबर

सकाळी शंकू यंत्रापासून सोडवला. जोडलेप इतका चिवट की छिन्नी लावावी लागली. आज तो पोत्यात घातला नाही. छातीशी धरून भर उजेडात रस्ता ओलांडला. वॉचमन उत्तरेश्वर म्हणाला, "साहेब, मशीन बिघडलं का?" मी होय म्हणालो.

अभयने दार उघडले. मी आत जाऊन शंकू शालनताईंच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला. बैठक नसल्याने तो उभा राहीना. कलंडला आणि गडगडत त्यांच्या पायाशी गेला.

मी काय बोलायचे ते ठरवून गेलो होतो. प्रस्तावना होती, 'खेद' आणि 'क्षमायाचना' हे शब्द योग्य स्थळी होते. त्यातले काहीही आले नाही. म्हणालो, "ताई, कोन होता. मी नेला. तुम्ही पडायच्या आठवडाभर आधी."

अभय म्हणाला, "काय?"

शालनताई खाली वाकल्या. डाव्या हाताने शंकू उचलून मांडीवर घेतला, फिरवला, आणि एका जागी नखाने खरवडू लागल्या. माझा तेलरंग पापडासारखा सुटला. खाली नारिंगी. आणखी खरवडले. खाली कागद. कागदावर गणिताच्या क्लासच्या फोन नंबरचे शेवटचे काही आकडे.

"हाच," त्या म्हणाल्या.

मग इतक्या मोठ्याने म्हणाल्या की सून स्वयंपाकघरातून धावत आली, "अभय! हाच तो! चिट्टी बघ! अर्धी फाटलेली बघ!"

मी जन्मात कोणालाही एवढे आनंदित केलेले नाही. त्या आनंदाकडे पाहवेना.

अभयचा चेहरा लाल झाला होता. "काका, आणि परवा तुम्ही... तुम्ही इथे बसून..."

"तू थांब," शालनताई त्याला म्हणाल्या. "आधी किल्ली आण."

त्याने आणली. त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधावयास घेतली. एका हाताने गाठ बसेना. सून पुढे झाली, तिला त्यांनी मानेनेच नको म्हटले. दातांत धरून ओढली आणि बसवली. मग माझ्याकडे वळल्या.

"कोन नेलात, ते समजलं. रस्त्यावर काही पडलेलं दिसतं माणसाला, उचलतो. मी पडेन हे काही तुम्ही मनात धरलं नव्हतं."

"नाही, ताई."

"पण तुम्ही मला भास म्हणालात. तोंडावर. तुम्हाला माहीत असताना."

मी मान खाली घातली.

"मनगटाचं दुखणं रात्रीचं थांबायचं हो. मी मात्र जागी राहून आठवत बसायची, की आणखी काय काय मी बघितलं आणि नव्हतंच. मुलाचं लग्न झालं तेव्हा पाऊस होता, तो होता का. आमचे हे गेले तेव्हा मी जवळ होते, खरंच होते का."

सुनेने पंख्याचे बटण उगाच कमी-जास्त केले.

निघताना मी शंकू घ्यावयास हात पुढे केला. शालनताईंनी तो घट्ट धरला. "हा राहू दे इथं. टीव्हीशेजारी ठेवते. येईल त्याला दाखवायला बरा." मग म्हणाल्या, "मंगळवारी आणि शुक्रवारी मला बोटांच्या व्यायामाला फिजिओकडे जायचंय, आणि रविवारी खडकीला. कॅब नको. माझी गाडी तुम्ही चालवायची, मी मागे बसणार. प्लास्टर निघेपर्यंत. आणि निघाल्यावरही मी सांगेपर्यंत."

मी 'बरं' म्हणालो. "आणि खडकीत माझ्या मैत्रिणींना तुम्ही स्वतः सांगायचं. मी नाही सांगणार. माझ्यावर कोण विश्वास ठेवतंय!"

घरी आलो. श्यामलेने चहा टाकला, आणि कधी नव्हे ते माझ्या कपात साखर न विचारता दोन चमचे घातली.

रविवार, १४ डिसेंबर

स्कूटर पाहावयास आलेल्या गृहस्थास शालनताईंनी गाडी न दाखवता शंकू दाखवून परत पाठवले.

आजचा डबा श्यामला स्वतःच घेऊन गेली. आज तिला वेळ होता. योगायोग.

खडकी. विहाराच्या अंगणात मुक्ताई, गोदाबाई आणि आणखी बऱ्याच जणी अर्धवर्तुळ करून बसल्या होत्या. शालनताई म्हणाल्या, "हे गद्रेसाहेब. यांना तुम्हाला काही सांगायचंय." मी उभा राहून सांगितले. संस्कृत एकही शब्द आला नाही. सांगून झाल्यावर मुक्ताईंनी विचारले, "आणि ते मशीन चाललं का?" मी म्हणालो, चालले होते. त्या म्हणाल्या, "मग ठीक. पाप अगदीच फुकट नाही गेलं." सगळ्या हसल्या. मला जेवल्यावाचून सोडले नाही. पंगतीत वाढणाऱ्या मुलीने विचारले, "कोनवाले काका, भात?"

हे नाव राहणार.

शुक्रवार, १९ डिसेंबर

दुसरी फिजिओवारी. स्कूटर हलकी आहे, मी नाही. मागे शालनताई, प्लास्टरचा हात माझ्या पाठीला लागलेला. पहिल्या फेरीत त्या चकार शब्द बोलल्या नव्हत्या. आज कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला मागून आवाज आला, "गद्रेसाहेब, लाल आहे ना? की मला भास होतोय?"

"लाल आहे, ताई."

"बघा हं. तुम्ही म्हणताय म्हणून थांबायचं."

शेजारच्या स्कूटरवरच्या माणसाने माझ्याकडे पाहिले. मी समोर पाहिले. सिग्नल हिरवा व्हावयास विलंब लागला.

परतताना त्यांनी वळणावर गाडी थांबवावयास लावली आणि खड्ड्याकडे बराच वेळ पाहिले. नवा शंकू अद्याप उभा आहे. "हा कोणी ठेवला, ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "याला हात लावू नका." मी म्हणालो, नाही लावणार. मी तसे दोनदा म्हणालो, त्यांनी एकदाही मान हलवली नाही.

यंत्र शंकूविना भिंतीवर लोंबते आहे. पर्यायी शंकूचा विचार मनात येतो आणि मी तो तात्काळ सोडून देतो. काष्ठशाळेचे दार काल उघडले; आज वरणात पुन्हा सागवान होते. श्यामलेने ते बोटाने बाजूस सारले आणि वर तूप वाढले.

शालनताईंच्या आज्ञेवरून मला हेल्मेट घालावे लागते. या शहरात ते घालणाऱ्याकडे लोक रुग्णाकडे पाहावे तसे पाहतात, तो भाग वेगळा. हेल्मेट अभयचे. त्याच्या आतली शिवण बरोबर माझ्या उजव्या कानाच्या पाळीवर येते. मागे सरकवले तर डोके उघडे पडते, पुढे घेतले तर रस्ता दिसत नाही. कानात कापूस घालून पाहिला, तर शालनताई काय म्हणतात ते ऐकू येईना आणि त्यांनी पाठीत गुद्दा घातला. दुकानात विचारले. दुकानदार म्हणतो, वापरून वापरून सैल होईल. हेल्मेट की कान, हे त्याने सांगितले नाही.